उजवे सगळे सारखे नसतात

संपादक महोदय,

सीताबर्डीच्या टपरीवर परवा वाद झाला, एकजण म्हणे युरोपात कट्टर उजवे आले की नाटो, म्हणजे अमेरिका-युरोपची लष्करी युती, संपलंच समजा. असं कसं बाप्पा? इटलीच्या मेलोनीबाई 2022 च्या ऑक्टोबरात पंतप्रधान झाल्या, त्याआधी युरोपियन युनियनवर काय काय बोलल्या होत्या, पण खुर्चीत बसल्यावर युक्रेनला शस्त्रं देणं चालूच ठेवलं आन 2023 च्या डिसेंबरात चीनच्या बेल्ट अँड रोड या रस्ते-बंदरांच्या योजनेतूनही बाहेर पडल्या. युनियनचा पैसा पाहिजे असला की आवाज आपोआप खाली येतो ना.

हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान ऑर्बान मात्र उलटे. स्वीडनला नाटोत घ्यायला त्यांच्या संसदेनं 2024 चा फेब्रुवारी उजाडवला, सगळ्यात शेवटी तेच. युनियनची युक्रेनला 50 अब्ज युरोची मदतही 2023 च्या डिसेंबरात अडवली आन दीडेक महिन्यात सोडली. अशा मोठ्या निर्णयांत तिथं एकानं नाही म्हटलं की सगळंच अडते, म्हणून छोट्या देशालाही भाव येतो, आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारखंच. पार्किंगचा विषय दोन वर्षं लटकून आहे.

एक वाचक, धरमपेठ, नागपूर