बदली बोर्ड नको, उत्तर हवं

ऐरोली, नवी मुंबई
२१ जुलै

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय : '१६ अँपिअर' छापलेला एक्स्टेंशन बोर्ड ११ अँपिअरलाच पेटल्याबद्दल

महोदय,

मार्चमध्ये ठाण्याला जांभळी नाक्यावरच्या दुकानातून तुमचा चार सॉकेटचा बोर्ड घेतला, पक्क्या बिलासह. खोक्यावर लाल ठळक अक्षरांत '१६ अँपिअर, ३५०० वॅट' छापलंय, त्याच्या भरवशावर. दुकानदाराने दीडशे रुपयांनी स्वस्त दुसराही दाखवला होता. विजेच्या वस्तूत काटकसर नको म्हणून मीच नाही म्हटलं.

१४ जुलैला सकाळी सहा वाजता बाहेर धो धो पाऊस. मुलीचा गणवेश दोन दिवस पंख्याखाली होता, तरी कॉलर दमटच. म्हणून इस्त्री लावली. त्याच बोर्डावर सासूबाईंनी पाणी गरम करायला किटली लावली. इस्त्री १००० वॅट, किटली १५००. मिळून २५००, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम ११ अँपिअर. तुमच्या आकड्यापेक्षा हजार वॅट कमीच. हा हिशेब मांडते आहे, कारण तुमच्या कस्टमर केअरचा पहिलाच प्रश्न होता, "मॅडम, ओव्हरलोड केला होता का?"

आधी वास आला. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या सकाळी सुके बोंबील कोण भाजतंय?" प्लग-सॉकेटचं प्लास्टिक तापलं की असा मासळीसारखा वास येतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. माणूस शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराकडे बघतो आणि बोर्ड पलंगाच्या कडेला शिजत असतो. मी वळले तोवर त्याची एक बाजू तपकिरी होऊन धूर येत होता, आणि दुसऱ्या क्षणी ज्वाळेने पडद्याची किनार धरली. सासूबाईंनी बादली उचललीच होती. मी ओरडले, "पाणी नको!" आणि मेन स्विचकडे धावले. वीज बंद केल्यावर जाड सतरंजी टाकून आग दाबली. माझ्या उजव्या हाताला दोन फोड आले, पडदा गेला. मुलगी तेव्हा न्हाणीघरात होती, एवढंच नशीब.

आमच्या वायरमनने दुसऱ्या दिवशी बोर्ड माझ्यासमोर उघडला. वायरीवर तुम्हीच छापलंय : ०.७५ चौ.मि.मी. सोळा अँपिअरला निदान दीडची वायर लागते, हे कोणताही वायरमन सांगेल. आतली पितळी पट्टी ब्लेडसारखी पातळ आणि एका टोकाचा सांधा सैल. फ्यूज नाही. अर्थिंगची हिरवी वायर आत येते आणि तिथेच कापून सोडलेली आहे, कशालाच जोडलेली नाही. इस्त्रीत कधी वीज उतरली असती तर ती सॉकेटच्या तिसऱ्या भोकातून कुठे जाणार होती? लाल इंडिकेटर मात्र अगदी नीट जोडलाय.

"घरातला एमसीबी का पडला नाही?" असंही मला विचारण्यात आलं. एमसीबी, म्हणजे जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच, भिंतीतल्या वायरिंगची राखण करतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला ११ अँपिअर म्हणजे रोजचंच काम. सैल सांध्यावर आच साठतेय हे त्याला दिसत नाही. तिथे भरवसा फक्त तुमच्या बोर्डाचा होता.

आम्ही निष्काळजी माणसं नाही. रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद करतो, रबरी नळी पाच वर्षं व्हायच्या आत बदलतो, सासूबाई समईसुद्धा पितळी ताटात ठेवतात. पण खोक्याच्या आत काय आहे ते गिऱ्हाइकाने कसं बघायचं? त्यासाठी आयएसआयची खूण असते. तुमच्या खोक्यावर ती आहे, पण खाली परवाना क्रमांक नाही. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासायचं तरी काय?

तुमच्याकडून काय आलं, तर जळका बोर्ड कुरिअरने पाठवा, सात दिवसांत तोच मॉडेल नवा देऊ. नको. विषाची परीक्षा दोनदा कोण घेईल? आणि जळका बोर्ड हाच माझा पुरावा आहे, तो माझ्याकडेच राहील.

मला हवंय ते असं. या मॉडेलची १६ अँपिअरवर चाचणी झाली होती का, झाली असल्यास अहवालाची प्रत. खोक्यावरच्या बॅचचा माल दुकानांतून परत घ्या आणि ज्यांनी तो नेलाय त्यांना वापर थांबवायला जाहीरपणे सांगा. पडद्याचे पैसे दिले नाहीत तरी चालेल, पण यावर मी अडून बसणार आहे. शनिवारी जांभळी नाक्यावर गेले होते, तोच बोर्ड अजून काउंटरवर लटकतोय.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि भारतीय मानक ब्युरोकडे तक्रार करीन. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सदोष वस्तूची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात मी राहते तिथूनच दावा लावता येतो.

तुमचा माणूस बोर्ड बघायला येणार असेल तर संध्याकाळी सातनंतर यावं, आधी फोन करून. बोर्ड इथेच, माझ्यासमोर बघायचा.

आपली,
एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, खोक्याचे व उघडलेल्या बोर्डाचे फोटो