सात दात्यांचा दगड

संपादक महोदय,

लेकीकडे अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या विचिटाला आलोय. इथल्या एका संग्रहालयात मळणीचा चुनखडी दगड पाहिला, लांबट, सात दात्यांचा. घोड्यामागे जुंपून गव्हावरून फिरवायचा. आमच्या खळ्यात नुसती बैलांची पात! १८७४ मध्ये रशियातून कॅन्ससला आलेल्या जर्मनभाषक मेनोनाइट (एक ख्रिस्ती पंथ) शेतकऱ्यांचा हा दगड. ‘टर्की रेड’ गव्हाचं बियाणंही त्यांनीच आणलं. त्याच उन्हाळ्यात टोळधाडीने इथला मका फस्त केला होता. हा गहू मात्र थंडीआधी पेरायचा, भर उन्हाळ्याच्या आत काढायचा. माळावर सरपण कुठलं? घरातल्या विटांनी बांधलेल्या भट्टीत गवत नि गव्हाचं काड जाळायचे. दगडाच्या खाचेत मी मूठ घालून पाहिली, तर लेक ओरडली, ‘बाबा, हात लावू नका!’

– एक निवृत्त शेतकरी, निफाड