कांद्याची निर्यात अशी रातोरात बंद करू नका

मा. संपादक,

ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं, मग टनामागे 800 डॉलरची किमान निर्यात किंमत आली आणि 8 डिसेंबरला तर निर्यातच बंद, ती बंदी उठली थेट मे 2024 ला. डिसेंबरात येतो तो लाल कांदा, उन्हाळी कांद्यासारखा चाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, टिकत नाही, काढला की विकावाच लागतो, भाव पडला तरी थांबायची सोयच नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी ट्रॉली मार्केटला नेली, हमाली, तोलाई, भाडं वजा जाता हातात आलेल्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावतीत, काढणीची मजुरीसुद्धा निघत नव्हती, त्यांनी ती घडी करून पदराला बांधली आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

शहरातल्या गरिबाला कांदा स्वस्त मिळायलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही, पण त्याचा खर्च दोन एकरवाल्या शेतकऱ्याने का सोसायचा? सरकारने बाजारभावाने कांदा घ्यावा आणि रेशनवर स्वस्त द्यावा ना! आणि आपण दारं लावली की बांगलादेश, श्रीलंकेचं गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं, ते परत आणायला वर्षं जातात. निर्यातीचं धोरण काय ते रोपं लावायच्या आधी सांगा, माल ट्रॉलीत भरल्यावर नको.

– एक कांदा उत्पादक, निफाड