जवसाकडे खाद्यतेलाचे पीक म्हणून पाहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

देशाची निम्म्याहून अधिक खाद्यतेलाची गरज आयातीवर भागत असताना तेलबियांची चर्चा सोयाबीन, मोहरी आणि सूर्यफुलापाशीच थांबते. जवस मात्र रंग-व्हार्निशच्या खात्यात टाकलेले. आमच्या भंडारा जिल्ह्यात ते आधी चुलीपाशी होते. धान कापणीला आठ-दहा दिवस उरले की ओल्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, बी फोकायचे आणि पुढे नांगरट, ओलित काहीही न करता मुरलेल्या ओलीवर पीक घ्यायचे, ही उतेरा पद्धत आजही चालते.

जवसात साधारण 35 ते 40 टक्के तेल असते आणि त्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल, म्हणजेच ओमेगा-3 मेदाम्ल. त्यामुळे हवा लागताच तेल वाळून घट्ट होऊ लागते. रंगाला हा गुण, स्वयंपाकाला दोष. आमच्या घरी बाटलीच्या तोंडाशी ओघळलेला थेंब काही दिवसांत राळेसारखा चिकटायचा, म्हणून आई घाण्यावरून एका वेळी थोडेच तेल आणवीत असे.

यावर उपाय निघालेला आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी हे आम्ल 5 टक्क्यांच्या खाली आणून ‘लिनोला’ हा जवस तयार केला आणि नेहमीच्या तपकिरी जवसात तो मिसळू नये म्हणून त्याचा दाणा पिवळा ठेवला. आपल्याकडेही भाभा अणुसंशोधन केंद्राने याच गुणाचे ‘टीएल 99’ हे वाण दिले. परंतु त्याची शिफारस उत्तर व पूर्व भारतातील राज्यांसाठी आहे. जवसावर वर्षानुवर्षे काम करणारे कृषी महाविद्यालय नागपुरात असताना विदर्भाच्या बांधीत, विशेषतः जवसाच्या कळ्या खाणाऱ्या गादमाशीपुढे, असे वाण कितपत टिकते हे शेतकऱ्यांना दाखवून द्यायला हवे. अर्थात, ओमेगा-3 साठी जवस घेणाऱ्याला हे तेल उपयोगाचे नाही, म्हणून दोन्हींची खरेदी आणि गाळप वेगळेच ठेवावे लागेल.

त्याहून मोठी अडचण भावाची आहे. रब्बीत मोहरीला आणि करडईला हमीभाव आहे, जवसाला नाही. व्यापारी सांगेल तो दर घेऊन शेतकरी परततो आणि पुढच्या वर्षी त्याच बांधीत लाखोळी (लाखेची डाळ) फोकतो. केंद्राने जवसाचा हमीभावाच्या यादीत समावेश करावा, आणि राज्याच्या कृषी विभागाने येत्या रब्बीत निदान काही गावांतील उतेऱ्याच्या बांधीत खाद्यतेलाच्या वाणांची प्रात्यक्षिके घ्यावीत, ही विनंती.

आपला,
एक धान उत्पादक शेतकरी, जि. भंडारा