जुनं पेट्रोल ओतायचं कुठं?

संपादक साहेब, नमस्कार.

वडगावातनं लिहितेय. आमच्याकडं एक जुनी ओम्नी आहे, मागच्या सीटा काढून मिस्टरांनी तिच्यात झोपायला फळी, गॅसची शेगडी, पाण्याचं पिंप असं सगळं बसवून घेतलंय. आजकाल याला मोटरहोम म्हणतात, आमच्या गल्लीतली पोरं फिरतं घर म्हणतात. पंढरपूर, गणपतीपुळे, गोकर्ण सगळं आम्ही त्यातनंच केलं. गेल्या वर्षी मिस्टरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी जी शेडमधे लागली ती चौदा महिने तिथंच, टाकी अर्धी भरलेली, आणि मधे आपला बेळगावचा अख्खा पावसाळा गेला, कपाटातल्या साड्यांना बुरशी येते नि डब्यातलं मीठ पाणी सोडतं तो पावसाळा.

परवा बॅटरी चार्ज करून चावी फिरवणारच होतो तेवढ्यात शेजारचे काका आले, त्यांची सगळी नोकरी उद्यमबागेतल्या कारखान्यात मशीनवर गेलेली, ते म्हणाले थांबा, चालू करू नका, आधी टाकी बघा. टोपण काढलं तर पेट्रोलचा ओळखीचा वास नव्हताच, आंबूस, जुन्या वार्निशसारखा वास. थोडं बरणीत काढून उजेडात धरलं तर वरचं कोऱ्या चहासारखं गडद आणि तळाला दोन बोटं गढूळ पाणचट थर, मधे स्पष्ट रेघ.

काकांनी समजावलं ते असं. आताच्या पेट्रोलमधे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, फेब्रुवारी २०२३ मधे बेंगळुरूच्या एका कार्यक्रमात हे पेट्रोल पंपांवर आलं आणि आता सगळीकडं तेच मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की पाणी नि इथेनॉल मिळून खाली बसतात, पेट्रोल वर राहतं. गाडीतला पंप टाकीच्या तळातनंच ओढतो, म्हणजे इंजिनात आधी तेच पाणी जाणार. शिवाय पेट्रोलमधला हलका भाग, ज्यानं गाडी पटकन चालू होते, तो उडून जातो आणि उरलेल्याचा हवेशी संबंध येऊन डिंकासारखा चिकटा धरतो. गाडीतला छोटा जनरेटर उघडला तेव्हा तो चिकटा डोळ्यांनी बघितला, कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, त्याचा जेट म्हणजे पितळेचा एवढासा स्क्रू, मधे सुईच्या टोकाएवढं भोक, ते तपकिरी चिकट्यानं पूर्ण बुजलेलं. इथेनॉलला माझा विरोध नाही हं, आपल्या जिल्ह्यातल्या ऊसवाल्यांच्या घरात त्याचे पैसे येतात आणि ते यायलाच पाहिजेत. पण उभ्या गाडीत हे पेट्रोल टिकत नाही हे पंपावर एका पाटीवर तरी लिहायला काय हरकत आहे?

आता खरं दुखणं सांगते. एका गॅरेजचा फिटर घरी बोलावला, त्यानं खालनं नळी काढून टाकी रिकामी केली आणि मी चहा आणायला आत गेले तोवर पहिला डबा सरळ गटारीत ओतला. विचारलं तर म्हणतो, काकू, सगळे असंच करतात. माझ्या पोटात गोळाच आला. आमची गटार पुढं बळ्ळारी नाल्याला मिळते आणि नाला फुगला की पाणी कुठं शिरतं हे वडगाव शहापूरच्या शेतकऱ्यांना विचारा, ज्या शिवारात बेळगाव बासमती पिकतो तिथं. घराघरात अजून विहिरी आहेत. वर पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरकत जाते आणि गटारीतनं लांब कुणीतरी बिडी पेटवली तरी भडका उडू शकतो.

बाकीचं तेरा लिटर मी पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवलंय, शेडच्या कोपऱ्यात, सावलीत, गाडीतला गॅस सिलिंडर काढून लांब नेलाय. पण हे नेऊन द्यायचं कुठं? इंजिनचं काळं ऑइल भंगारवाले विकत तरी घेतात, पेट्रोलला कोण हात लावत नाही. पंपावर विचारलं, आम्ही घेत नाही. एका कार्यालयात फोन केला तर मला तीन ठिकाणी फिरवलं आणि शेवटी फोनच ठेवला. २०१६ च्या घनकचरा नियमांत घरातला घातक कचरा, म्हणजे रंगाचे डबे, कीटकनाशकाचे डबे, बॅटऱ्या असलं सगळं गोळा करायला दर २० चौरस किलोमीटरला एक केंद्र पाहिजे असं लिहिलं होतं. तशी केंद्रं शहरात आणि खानापूर, निपाणीसारख्या गावांत चालू करा, आणि जुनं पेट्रोल तिथं घ्या, उद्यमबागच्या गॅरेजवाल्यांची तर रोजची गरज आहे ही.

ज्यांच्या गाड्या शेडमधे उभ्या आहेत त्यांना हात जोडून सांगते, तोंडानं नळी ओढून पेट्रोल काढू नका, घोटभर जरी फुफ्फुसात गेलं तर दवाखान्यात भरती व्हावं लागतं. त्या पेट्रोलनं हात किंवा पार्ट धुऊ नका, शेकोटीवर तर अजिबात ओतू नका. दोन-तीन महिन्यांचंच असेल, रंग वास बरा असेल, पाणी नसेल तर ताज्यात थोडं थोडं मिसळून चालतं, आमच्यासारखं झालं असेल तर टाकी पूर्ण काढा, फिल्टर बदला, मग पाच लिटर ताजं घाला. आणि गाडी लावायच्या आधीच टाकी जवळजवळ पूर्ण भरा म्हणजे आत हवा कमी राहते, पेट्रोल टिकवायचं औषध मिळतं ते ताज्या पेट्रोलमधेच घालून दहा मिनिटं इंजिन चालवा म्हणजे ते पुढपर्यंत पोचतं. जनरेटर मात्र कार्बोरेटरसकट कोरडा करून ठेवा.

माझा तेरा लिटरचा डबा अजून शेडमधेच आहे, मिरगाच्या आत तो कुठं द्यायचा तेवढं कुणीतरी सांगा.

आपली एक वाचक,
वडगाव, बेळगाव