पांढरी प्लेट

म्हापसा
मंगळवार

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

चवथीच्या जेवणावरून तू उठून गेलीस, नेवऱ्यांचा डबा तसाच फ्रीजवर राहिला. आई अजून माझ्याशी धड बोलत नाही. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितो. गिऱ्हाइकाला स्वतः चालवायला गाड्या भाड्याने द्यायचा धंदा करू नको, असं मी त्या दिवशीही म्हटलं नव्हतं. पुण्याची नोकरी सोडलीस तेव्हासुद्धा मी गप्प होतो. (आई म्हणते, तोंडाने गप्प होते.)

तुझा हिशेबाचा कागद मी दोनदा वाचला, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. कागद सुरेख आहे. पण दर गाडी महिन्याला २५ दिवस भाड्याने जाणार, तेही बारा महिने, हे कुणी सांगितलं? सीझनचे सहा महिने धर, महिन्याला २० दिवस. झाले १२० दिवस. १,५०० रुपये भाड्याने १,८०,०००. हप्ता ११,००० म्हणजे वर्षाचे १,३२,०००. उरले ४८,०००. त्यात विमा, टायर, क्लच, धुणं-पुसणं आणि गिऱ्हाईक आणणाऱ्याचं कमिशन. पावसात गाडी उभी राहते, हप्ता उभा राहत नाही. पावसाळ्यात जे काही भाडं येईल ते वरकड समज. म्हणून म्हणतो, चार नको, दोन घे.

आणि त्या दोन काळ्या प्लेटवर घे. पिवळ्या अक्षरांच्या, भाड्याने द्यायच्या परमिटच्या.

तुझा भागीदार म्हणतो, सगळेच पांढऱ्या प्लेटवर देतात, पहिलं वर्ष तसंच काढू. सगळे देतात हे मलाही दिसतं. पण पांढऱ्या प्लेटची गाडी म्हणजे खासगी गाडी, तिचा विमा खासगी वापराचा. भाड्याने दिल्याचं निघालं की गाडीच्या नुकसानीचा क्लेम विमा कंपनी नाकारते. समोरच्या माणसाला कोर्टाने भरपाई द्यायला लावली, तरी ती रक्कम मालकाकडून वसूल करू पाहते. परमिटशिवाय गाडी भाड्याने दिली तर २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मालक म्हणजे आरसीवर ज्याचं नाव तो. चारही गाड्या तुझ्या नावावर घ्यायच्या, असं कागदावर तुझ्याच अक्षरात आहे. त्याचं नाव फक्त नफ्याच्या रकान्यात दिसलं.

असो. ह्यावर परत लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

त्याच्याविषयी माझ्या मनात वाकडं काही नाही. आजीला दवाखान्यात नेताना तो पहाटे पाचला दारात उभा होता, ते मी विसरणार नाही. पण भागीदारीचा करार लिहा, आणि फर्म नोंदवा. लेखी काही ठरलेलं नसेल तर १९३२चा भागीदारी कायदा नफा-तोटा सारखा वाटतो. पैसे कुणी किती घातले हे बघत नाही. दिवसभर गाड्यांमागे पळणाऱ्याला वेगळा पगारही मिळत नाही. फर्मच्या नावाने एकाने केलेलं कर्ज दुसऱ्याकडून पूर्ण वसूल होऊ शकतं. आणि नोंदणी नसेल तर करारावर बोट ठेवून एकमेकांवर दावा लावता येत नाही. तुळशीच्या लग्नानंतर तुम्हा दोघांचं लग्न ठरवायचं आहे, तर हेही आत्ताच बोलून घ्या: गोव्यात लग्नाआधी वेगळा करारनामा केला नाही तर दोघांची मालमत्ता एक होते, अर्धी-अर्धी, आणि लग्नानंतर ते बदलता येत नाही. थोरल्या काकाच्या सहीचं तुला ठाऊक आहे, ते पुन्हा काढत नाही.

झालं, भाषण ठोकलं. माफ कर. गाड्यांवर येतो, तिथे मला तरी बरं वाटतं.

ती निळी गाडी शनिवारी बघायला जाणार ना? मालकाला आदल्या दिवशी सांग, आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर समज, काहीतरी लपवायचं आहे. थंड इंजिन सुरू होताना कसं कुरकुरतं, त्यावरच निम्मा भाव ठरतो. ऑइलच्या झाकणाची आतली बाजू बघ. ताकासारखा फेस असेल तर पाणी शिरत असेल. पण पावसाळ्यात थोडं थोडं चालणाऱ्या गाडीला नुसत्या दमटपणानेही तो धरतो, म्हणून कूलंटच्या डब्यात तेलाचा तवंग आहे का तेही बघ. दोन्ही दिसलं की हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनमधलं तेल-पाणी वेगळं ठेवणारं सील गेलेलं, तिथून निघ. एक्झॉस्टमधून निळा धूर आला तर इंजिन ऑइल खातंय.

पाण्यात बुडालेली गाडी बाहेरून ओळखू येत नाही, पॉलिश करून ठेवतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटखालचे बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात माती आहे का. आणि आत अत्तराचा फार वास येत असेल तर कार्पेट उचल. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. नक्षी कितीही शाबूत असली तरी तो टायर तू गिऱ्हाइकाला द्यायचा नाही.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदल. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि आपली हवा तर माहीतच आहे. दिल्लीचा पोरगा चोर्ला घाट उतरताना दुसऱ्या गिअरऐवजी ब्रेकवर पाय ठेवून बसतो. ब्रेक तापतात, त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल रिकामं खाली जातं. तेव्हा गाडीवर प्लेट कुठल्या रंगाची आहे...

बघ, परत तिथेच आलो.

कोणी वाळूत, खाऱ्या पाण्यात गाडी घालून आणली तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुऊन काढ, दुसऱ्या दिवसावर टाकू नको. गाडी देताना चारही बाजूंचा व्हिडिओ, किलोमीटर, पेट्रोलचा काटा आणि लायसन्स मूळ बघून, फोटोवर भागवायचं नाही. विकत घेताना गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०. गाडीवर आधीचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि ते कर्ज आरसीवरून उतरवायचा फॉर्म ३५. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला टाक. चॅसी नंबर आरसीशी स्वतः ताडून बघ, एजंटवर सोडू नको.

सात वर्षांची होतीस तेव्हा बॉनेटखाली टॉर्च धरायचीस आणि मी मागण्याआधी बारा नंबरचा पाना पुढे करायचीस. गॅरेजमधल्या पोरांना ते जमायचं नाही. हे मी त्या पोरांना सांगायचो, तुला कधी सांगितलं नाही.

काळ्या प्लेटसाठी काय काय लागतं ते आरटीओत विचारून ये. खर्च जास्त लागला तर आईच्या नावाची ठेव जानेवारीत सुटते. तिने स्वतःच काढलं, मी नाही. आणि एकाच गाडीने सुरुवात करावी लागली तरी मला चालेल.

शनिवारी मी सातला बार्देश बाजाराकडे उभा राहतो. त्यालाही घेऊन ये. डबा आई बरोबर देणार आहे.

तुझा,
बाबा