आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र : कोयत्यावर जायच्या आधी बायकांना पाळणा लांबवायचं साधन द्या

मा. आरोग्यमंत्री साहेब, नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातली. आमच्याकडं दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं, मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असती, नवराबायको मिळून एक कोयता मोजतात. मागच्या हंगामात माझी जाऊ मेडिकलवरून त्या आत ठेवायच्या गोळ्या घेऊन गेली, शुक्राणू मारणाऱ्या, दुकानदार म्हणला काही होत नाही बिनधास्त जा. फेब्रुवारीत फडातच तिला दिवस गेल्याचं कळलं, धाकटं लेकरू अजून अंगावर पीत होतं. उचल फिटायची होती म्हणून तशीच मोळ्या वाहिल्या तिनं.

साहेब, त्या गोळ्यांत नॉनऑक्सिनॉल-९ नावाचं शुक्राणू मारणारं औषध असतं. नुसत्या त्याच्यावर राहिलं तर वर्षभरात १०० पैकी साधारण २१ बायकांना दिवस जातात, हे दुकानात कोण सांगतं? १०-१५ मिनिटं आधी खोल ठेवायची, असर तासभर, दर वेळी नवी, आणि नंतर ६ तास आतून धुवायचं नाही. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, सासू, लेकरं हातभर अंतरावर झोपलेली, पहाटे अंधारात उठून फडावर जायचं, तिथं बाई मिनिटं मोजणार का? वरचेवर वापरली तर आतून आग होती, आणि एचआयव्हीपासून वाचवत तर नाहीच, उलट धोका वाढू शकतो.

२०१७ पासून सरकारकडं पाळणा लांबवायचं अंतरा इंजेक्शन अन् छाया गोळी फुकट आहे. पण अंतरा दर ३ महिन्यांनी लागतं, दिवाळीत घेतलं की दुसरा डोस नेमका हंगामाच्या मध्यात येतो आणि तेव्हा बाई कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात. छाया मात्र पिशवीत मावती, पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदाच, हार्मोन नाही, दूध पाजणारीला पण चालती. मग निघायच्या आधीच तांड्यावर, वस्तीवर तपासणी करून ६ महिन्यांच्या गोळ्या द्या की. अंतरावाल्यांना कार्ड द्या, जे कारखान्याजवळच्या कुठल्याही आरोग्य केंद्रात चालंल. आणि गड्यांशी पण बोला, सगळं बाईच्याच अंगावर का? २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत देशात बायकांची नसबंदी ३७.९ टक्के अन् पुरुषांची ०.३ होती.

बीडच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या म्हणून २०१९ ला समिती बसली, तेव्हा सगळ्यांना आमची आठवण आली होती. यंदा गाड्या भरायच्या आधी या.

तुमची,
एक ऊसतोड घरातली बाई